साडेबारा पेगचा हिशोब

खंबा म्हणजे 750 मिलीलीटर. मोठा पेग 60 मिलीलीटरचा. भागाकार केला तर एका खंब्यातून साडेबारा पेग निघतात. परमिट रूमच्या धंद्यातली निम्मी भांडणं आणि बरीचशी चलाखी त्या वरच्या अर्ध्या पेगात असते. आमचा जुना मॅनेजर महिन्याचा हिशोब करताना खंब्यामागे बाराच पेग धरायचा. उरलेला अर्धा सांडला, उडाला, की कुणाच्या ग्लासात गेला, हे तो विचारत नसे. तेरावा निघाला की मात्र विचारायचा, कारण तेरावा पेग कुणाच्या तरी मापातून कापलेला असतो.

मी या धंद्यात आलो तो नोकरी मिळेना म्हणून. आधी अकोला-वाशिम रस्त्यावरची परमिट रूम, नंतर वाशिम शहरात सीलबंद बाटल्यांचं दुकान. दोन्हीकडे माल तोच, पण ग्राहकाची नजर वेगळी. परमिट रूममध्ये तो माप बघतो, दुकानात किंमत. चवीचं नाव दोन्हीकडे सगळ्यांच्या तोंडी असतं. प्रत्यक्षात तिचा नंबर तिसरा. आणि एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच ऐकला : ‘भाऊ, एवढ्या पैशात जास्त काय पडते, बिअर का दारू?’

आधी मापाचं सांगतो. पेग मोजायला स्टीलचं दुतोंडी माप असतं, एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 60. त्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का लागतो. शिक्का खरा असला तरी हात खोटा असू शकतो. माप काठोकाठ भरायच्या आत मनगट वळवलं की चार-पाच मिलीलीटर वाचतं. ग्लासात आधी बर्फ टाकला की पेग उंच दिसतो. मापाला आतून पोचा आणणारेही असतात. ग्राहकही कमी नसतो. ‘वरून जरा मार ना’ म्हणत तो दर पेगला चमचाभर वसूल करतो. एक गृहस्थ स्वतःचं माप खिशात घेऊन यायचे. टेबलावर ठेवून शांतपणे म्हणायचे, ‘तुमच्या मापातून आधी याच्यात ओत, मग ग्लासात टाक.’ वेटर त्यांना टरकून असत, आणि साऱ्या परमिट रूममध्ये पुरेपूर माप फक्त त्यांनाच मिळे.

आमच्याकडे माणूस पेग न मागता निप का मागतो, याचं उत्तर इथे आहे. निप 180 मिलीलीटरची, म्हणजे बरोबर तीन मोठे पेग. वर अर्धा उरत नाही. सील ग्राहकासमोर तुटतं, वेटरच्या मनगटाला काही वाव राहत नाही. खेड्यातून बाजाराला आलेला माणूस ‘निप आण, इथंच फोड’ म्हणतो, तेव्हा तो आमच्यावरचा अविश्वास फार सभ्यपणे सांगत असतो. बिअरचंही तेच. 650 ची बाटली, वर पत्र्याचं झाकण, माप मारायला जागाच नाही. बिअरमध्ये फसवायचं तर दोनच गोष्टींत फसवता येतं : गारव्यात आणि तारखेत.

गारव्याची गोष्ट आमच्या भागात थट्टेची नाही. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि मी धंद्यात नवा होतो तेव्हा भारनियमन तासन्तास चालायचं. फ्रीज होता, पण कपाटासारखा उभा. मग बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून फोडायची, प्लास्टिकच्या ड्रममध्ये बाटल्यांवर थर द्यायचा आणि वरून खडेमीठ. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो आणि अर्ध्या तासात बाटली दातांना झोंबेल अशी गार होते. फक्त लेबल भिजून निघतं. ड्रमच्या तळाशी लेबलांचा लगदा साचायचा आणि बाटली नागडी वर यायची. मग टेबलावर नवीन वाद : ‘हे स्ट्राँग हाय की माइल्ड, मले काय मालूम?’ आम्ही झाकणावरचं नाव दाखवायचो. काहींना ते पटायचं, काही दुसरी बाटली आणायला लावायचे आणि तीही नागडीच निघायची.

त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. बिअरची चव म्हणून लोक जी सांगतात, ती बरीचशी गारव्याची असते. अर्धा तास टेबलावर राहिलेली बाटली त्याच माणसाला नकोशी होते. बिअरचा खरा कडवटपणा हॉप्स नावाच्या फुलांचा असतो, बाकीचं अंग सातूच्या माल्टचं. गार असताना कडवटपणा दबतो, कोमट झाली की वर येतो. उन्हाचाही तिला जाच. हॉप्समधल्या द्रव्यावर प्रकाश पडला की उग्र वास सुटतो. म्हणून बाटली तपकिरी असते, हिरव्या काचेतली लवकर बिघडते. टिनाच्या शेडखाली, दुपारच्या उन्हाच्या पट्ट्यात क्रेट ठेवणारा दुकानदार ग्राहकाला बिअर विकत नसतो, बिअरची आठवण विकत असतो.

दारूच्या चवीबद्दल बोलायचं तर अनेकांची नाराजी ओढवेल. आपल्याकडची बहुतेक स्वस्त व्हिस्की धान्याची नसते. साखर कारखान्याच्या मळीतून निघालेल्या शुद्ध स्पिरिटची ती असते. त्यात रंगाला कॅरमेल, वासाला थोडं माल्ट स्पिरिट किंवा इसेन्स. युरोपात धान्याशिवायच्या मद्याला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. देशीसुद्धा मळीचीच, तिच्यात संत्र्या-मोसंबीचा वास घालतात. म्हणजे देशी पिणारा आणि ‘आपण इंग्लिशच घेतो’ म्हणणारा, दोघे एकाच उसाच्या मागे बसलेले असतात. इंग्लिशचं स्पिरिट अधिक शुद्ध केलेलं असतं, एवढा फरक मात्र खरा. आमच्याकडे एक नियमित ग्राहक ठरावीक ब्रँड नसला तर परत जायचा. तो तीच व्हिस्की थम्सअपमध्ये घ्यायचा, तेही ग्लास गच्च भरून. त्याला कोणता ब्रँड कळत होता, हे मला आजवर कळलं नाही. पण बाटली टेबलावर दिसायला हवी होती, हे कळलं.

देशी पिणारे याबाबतीत प्रामाणिक असतात. त्यांना चव लागत नाही, पाणी लागत नाही. नव्वदी, म्हणजे 90 मिलीलीटरची बाटली, उघडायची, एका दमात घशाखाली, मागून मिठाची चिमूट किंवा दोन फुटाणे. तोंड वाकडं करून ते जी शिवी हासडतात, तेवढाच त्यांचा चवीवरचा अभिप्राय.

आता पैशाचं. त्यासाठी आधी मद्यार्क मोजायला हवा. तो हिशोब मला एका निवृत्त गुरुजींनी समजावला. आठवड्यातून एकदा यायचे, दोन पेग घ्यायचे, उठायचे. एकदा शेजारच्या टेबलावर पोरं म्हणत होती, ‘आपण दारू नाही घेत, फक्त बिअर घेतो.’ गुरुजींनी बिलाची पावती उलटी केली आणि पेन्सिल काढली. व्हिस्कीच्या बाटलीवर लिहिलेलं असतं 42.8 टक्के. 60 मिलीलीटरच्या पेगात शुद्ध मद्यार्क झाला साधारण 26 मिलीलीटर. स्ट्राँग बिअरच्या बाटलीवर असतं 8 टक्क्यांपर्यंत. 650 चे 8 टक्के म्हणजे 52. ‘म्हंजे एक स्ट्राँग बाटली बराबर दोन मोठे पेग,’ गुरुजी म्हणाले आणि पावती पोरांच्या टेबलावर सरकवली. 5 टक्क्यांची माइल्ड घेतली तरी बाटलीत साडेबत्तीस मिलीलीटर मद्यार्क, म्हणजे सव्वा पेग. पोरं हसली. मी हसलो नाही, कारण त्या पोरांपुढे पाच रिकाम्या बाटल्या होत्या आणि बाहेर दोन मोटारसायकली.

गाडीच्या कायद्यात मर्यादा आहे 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमची. मध्यम बांध्याच्या माणसाने एक स्ट्राँग बाटली झटपट संपवली की तो ती सहज ओलांडतो. आणि बिअर झटपटच संपते. तहान असते, गार असते, घोट मोठे असतात. व्हिस्कीचे दोन पेग तास-दीड तास पुरवणारा माणूस तेवढाच मद्यार्क बिअरमधून पंधरा मिनिटांत रिचवतो. चढायला लागते तोवर दुसरी बाटली उघडलेली असते.

बिअर म्हणजे दारू नव्हे, या गैरसमजाला कायद्यानेही नकळत हातभार लावला आहे. आपल्या राज्यात बिअरला वय 21 आणि व्हिस्की-रमला, देशीला 25. प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. काउंटरवरच्या वहीतल्या त्या परवान्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण वयातला फरक पोरांना पाठ असतो. बावीस वर्षांच्या पोराला मी निप नाकारायचो, तर तो दोन स्ट्राँग बाटल्या घेऊन जायचा. निपमध्ये 77 मिलीलीटर मद्यार्क आणि दोन बाटल्यांत 104. मी कायदा पाळला होता आणि तो जास्त घेऊन गेला होता.

रुपयाचा हिशोब त्याहून बोलका. जून 2025 मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं. 180 मिलीलीटरच्या बाटलीचा किमान भाव ठरला देशीला 80 रुपये, इंग्लिशला 205, उंची विदेशीला 360. मधे एक नवा वर्ग आला, महाराष्ट्र मेड लिकर. इथल्याच कारखान्यांनी धान्यापासून बनवलेली, 148 रुपये. बिअर आणि वाइन त्या वाढीतून सुटली. 42.8 टक्क्यांच्या निपमधल्या 77 मिलीलीटर मद्यार्काने भागा : देशीत एक मिलीलीटर साधारण एक रुपयाला, नव्या वर्गात दोनला थोडं कमी, इंग्लिशमध्ये अडीचपेक्षा जास्त. स्ट्राँग बिअरची बाटली हिशोबापुरती दोनशेला धरली तर पावणेचार रुपयांच्या पुढे. माइल्डही तेवढ्यालाच धरली तर सहाच्या घरात. बिअर कंपन्यांची तक्रार हीच असते की मद्यार्काच्या मानाने बिअरवर कर जास्त पडतो. 2023 मध्ये सरकारने त्यावर विचार करायला समितीही नेमली होती.

म्हणजे नशेचा भाव काढला तर देशी सगळ्यात स्वस्त, बिअर सगळ्यात महाग. मग सगळे देशीच का पीत नाहीत? हे मला गुरुजींच्या पेन्सिलीने नाही, सोयाबीनने शिकवलं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे चुकारे हातात येतात. तेव्हा जो माणूस छाती काढून इंग्लिशची निप मागतो, भावालाही एक देतो, तोच माणूस जेठात, पेरणीच्या तोंडावर, बियाणं-खताची जुळवाजुळव चालू असताना देशी दुकानाच्या रांगेत दिसतो. त्याची चव बदलत नाही, हंगाम बदलतो. पोळ्याच्या करीला देशीचा खप आणि लग्नसराईत बिअरचा खप, हे गोदामातली पेट्यांची थप्पी बघून मी सांगू शकतो. वरातीतल्या पोरांना बिअर लागते कारण ती हातात धरून नाचता येते. लग्नात निप खिशात असते, बिअर हातात असते. दाखवायच्या गोष्टीला माणूस जास्त पैसे मोजतो.

धंद्याला मोठा झटका बसला 2017 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायचा निकाल दिला. पुढे 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांना 220 मीटरची सूट मिळाली, आणि 1 एप्रिल 2017 पासून अंमल सुरू झाला. आमच्या जिल्ह्यात बहुतेक परमिट रूम रस्त्याला चिकटूनच होत्या. मालक लोक टेप घेऊन फिरू लागले. कोणी मागच्या बाजूला दार पाडलं, कोणी वळसा घालून येणारी वाट काढली, म्हणजे अंतर भरेल. आमची परमिट रूम भरली नाही. शटर पडलं. नंतर नियम सैल झाले, पण तोवर आम्ही पांगलो होतो. मी शहरातल्या दुकानात लागलो.

त्या काळात आमचे जुने ग्राहक कुठे गेले, हे मी दुकानातून पाहिलं. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेले. निप दुकानातून घ्यायची, पाण्याचा पाऊच, प्लास्टिकचे ग्लास, शेंगदाण्याची पुडी, आणि शेताच्या धुऱ्यावर बसायचं. परमिट रूम महाग पडायची, पण तिथे पेग मोजले जात, बिल येई, वेटर दिवे बंद करी. धुऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. दोन पेग घेऊन उठणारा माणूस तिथे आख्खी निप संपवूनच उठू लागला, कारण उघडलेली बाटली घरी नेता येत नाही. परमिट रूम चांगली होती असा माझा दावा नाही. पण माप गेलं की हात सैल सुटतो, हे मी माझ्याच ओळखीच्या लोकांत पाहिलं.

बंदीच्या जिल्ह्यांची गोष्ट याच जातीची. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. त्या बाजूला जाणारे-येणारे ट्रकवाले दुकानात सांगायचे की तिकडे चोरून मिळते ती निप नाहीतर नव्वदी. बिअर मागू नका. ते पटण्यासारखं आहे. लपवून न्यायचं तर कमी जागेत जास्त नशा मावायला हवी. 52 मिलीलीटर मद्यार्कासाठी काचेची मोठी बाटली कोण लपवेल?

तारखेचा धडा टाळेबंदीने दिला. 2020 च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली, उन्हाळ्यासाठी भरलेला बिअरचा साठा तसाच आत. बिअरचं आयुष्य साधारण सहा महिने, तेही सावलीत आणि गारव्यात. मे महिन्यात विक्री सुरू झाली तेव्हा रांगा लागल्या, पण लोकांनी आधी उचलली व्हिस्की आणि रम. पुन्हा बंद होईल या भीतीने माणूस टिकणारी वस्तू भरतो. तारीख उलटलेली बिअर पुढे उत्पादन शुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर ओतून नष्ट करावी लागते. शेल्फवर शेजारीच ठेवलेल्या रमला मात्र काही झालं नव्हतं. सील असेल तर ती पुढच्या पिढीलाही चालते.

किमतीचा आणखी एक हिशोब आहे, तो पावतीवर येत नाही. एकदा एक बाई भर दुपारी काउंटरवर आल्या. डोक्यावर पदर, हातात नवऱ्याच्या खिशात सापडलेली रिकामी निप. ‘हे केवढ्याची?’ एवढंच विचारलं. मी भाव सांगितला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि निघून गेल्या. त्यांचं मोजणं मद्यार्काचं नव्हतं, निंदणाच्या मजुरीचं होतं. आमच्या तक्त्यात जी देशी सगळ्यात स्वस्त ठरते, तीच त्यांच्या तक्त्यात सगळ्यात महाग असते, कारण स्वस्त म्हणून ती रोज घेता येते. दारूबंदीच्या मतदानात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूने, शिक्का मारला की तिथलं दुकान बंद होतं, असा नियम आहे. हे मतदान दारूच्या बाजूने बोलणाऱ्यांना भावनेचं वाटतं. मला ते हिशोबाचं वाटतं.

मी स्वतः घेतो. सणावारी, एखादा पेग, पाण्यात. बिअर मला सोसत नाही. कुणी विचारलं काय चांगलं, तर मी आता ब्रँड सांगत नाही. नशेसाठी हवी असेल तर देशी स्वस्त आणि म्हणूनच धोक्याची. चवीसाठी हवी असेल तर पैसे ताज्या, गार, सावलीत ठेवलेल्या माइल्ड बिअरवर घाला. मोजून प्यायची असेल तर पेग, कारण त्याला माप आहे. आणि तहानेसाठी हवी असेल तर मठ्ठा घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. हे वाक्य दुकानात चिकटवलं तर धंदा बुडणार नाही, तसा इशारा बाटलीवर आजही छापलेला असतोच. तो कोणी वाचत नाही, कारण त्यात आकडा नाही.

आकडा मात्र आमचा माणूस वाचतो. माप आणि भाव यांवर तो मनगटाकडे नजर लावून बसतो, हे मी रोज पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बाटलीवर तिच्यात किती प्रमाणित पेय-मात्रा आहेत ते छापावं लागतं. आपल्याकडे टक्केवारी असते. ती काढून गुणाकार करायला प्रत्येक टेबलाशेजारी निवृत्त गुरुजी बसलेले नसतात. स्ट्राँग बिअरच्या बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘दोन मोठे पेग’ एवढं छापा, निपवर ‘तीन’. मग ‘आपण फक्त बिअर घेतो’ म्हणणारा पोरगा दोन बाटल्या मागताना निदान हे वाचेल की तो चार पेग मागतो आहे. घ्यायची की नाही, ते पुढे त्याचं त्याने ठरवावं.